फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर बदललं, कामाची सवय जुनी : गोव्यातल्या स्टुडिओंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणपर्यंत लग्नाचे अल्बम, जत्रेचे बॅनर आणि पासपोर्ट फोटो करून देणारे कितीतरी छोटे स्टुडिओ आहेत. बहुतेक ठिकाणी संगणक एकच असतो आणि त्यावर बसणारा माणूस वर्षानुवर्षं तेच सॉफ्टवेअर वापरत आलेला असतो. एका सकाळी अपडेट होतं, ओळखीचं बटण जागेवर सापडत नाही आणि दारात गिऱ्हाईक उभं असतं. इथले प्रश्न त्या अडचणीतून आलेले आहेत. उत्तरं मुख्यतः फोटोशॉपबद्दल आहेत, थोडी लाइटरूम आणि गिम्प या फोटो एडिटिंगच्याच दुसऱ्या दोन सॉफ्टवेअरबद्दल. कळांची नावं विंडोजची आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि आल्टच्या जागी ऑप्शन समजा.

अपडेटनंतर उजवीकडची पॅनेल्स गायब झाली. माझ्या फायलींना काही झालं का?

नाही. फायलींना, त्यातल्या लेअर्सना (एकावर एक ठेवलेल्या थरांना) काहीही झालेलं नाही. फक्त पॅनेलांची मांडणी मूळ पदावर आली आहे. विंडो मेनूत वर्कस्पेस उघडा. तुम्ही पूर्वी स्वतःची मांडणी नाव देऊन ठेवली असेल तर ती तिथे दिसेल. दिसली नाही तर हवी ती पॅनेल्स विंडो मेनूतून एकेक करून बाहेर काढा, जागेवर लावा आणि 'न्यू वर्कस्पेस' करून नाव द्या. अल्बमसाठी एक आणि बॅनरसाठी दुसरी अशा दोन मांडण्या ठेवल्यात तर जास्त सोयीचं.

कधी कधी सगळीच पॅनेल्स एका झटक्यात नाहीशी होतात. तेव्हा अपडेटला दोष देण्याआधी टॅबची कळ दाबून पाहा. तिने पॅनेल्स लपतात आणि परत येतात.

कंट्रोल झेड आता वेगळंच वागतं. पूर्वी दोनदा दाबलं की आधीचं-नंतरचं दिसायचं.

हा बदल ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या फोटोशॉप सीसी २०१९ मधला. त्याआधी कंट्रोल झेड एकच पायरी मागे जायचं आणि पुन्हा दाबलं की तीच पायरी परत आणायचं. अनेक पायऱ्या मागे जायला कंट्रोल आल्ट झेड लागायचं. आता कंट्रोल झेड दाबाल तितक्या पायऱ्या मागे जातं आणि कंट्रोल शिफ्ट झेडने पुढे येता येतं.

रिटचिंग करणाऱ्यांचं यात खरोखर काही हरवलं, हे मी मान्य करतो. नवरीच्या कपाळावरचा घाम काढला, कंट्रोल झेड दोनदा दाबून आधीचं आणि नंतरचं ताडून पाहिलं, ही सवय अगदी हाडात गेलेली असते. ती सोय काढलेली नाही, कंट्रोल आल्ट झेडवर गेली आहे. म्हणजे दोन्ही कळांनी कामांची अदलाबदल केली, इतकंच लक्षात ठेवायचं.

जुनं वागणं परत हवं असेल तर एडिट → कीबोर्ड शॉर्टकट्स या खिडकीत 'यूज लेगसी अनडू शॉर्टकट्स' वर खूण करा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. माझा सल्ला मात्र नवीन पद्धत शिकण्याचाच आहे. वर्ड असो, ब्राउझर असो, बाकी सगळीकडे कंट्रोल झेड असंच चालतं.

फोटो लहान-मोठा करताना शिफ्ट दाबलं तर चेहरा ताणला जातो. बिघाड आहे का?

बिघाड नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान करणारा बदल हाच. पूर्वी शिफ्ट धरलं की लांबी-रुंदीचं प्रमाण टिकायचं. सीसी २०१९ पासून प्रमाण आपोआप टिकतं आणि शिफ्ट धरलं की उलट सुटतं. जुन्या सवयीने शिफ्ट धरणारा माणूस फोटो किंचित ताणतो, आणि किंचित ताणलेला चेहरा पडद्यावर पटकन लक्षात येत नाही. अल्बम छापून आल्यावर नवऱ्याची आई विचारते, हा एवढा जाड कसा दिसतो?

एडिट → प्रेफरन्सेस → जनरल इथे 'यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म' हा पर्याय आहे. एका संगणकावर दोघे-तिघे काम करत असतील तर कोणती पद्धत ठेवायची हे सगळ्यांनी मिळून एकदाच ठरवा. एकाला जुनी आणि दुसऱ्याला नवी पद्धत अंगवळणी असेल तर चूक होणारच. शिवाय वरच्या पट्टीत रुंदी आणि उंचीच्या आकड्यांमध्ये साखळीचं चिन्ह असतं. प्रमाण बांधलेलं आहे की सुटलेलं, हे ते नेहमी सांगतं. अल्बम प्रिंटला पाठवण्यापूर्वी कंट्रोल टी दाबून ते दोन टक्केवारीचे आकडे सारखे आहेत का, एवढं पाहायची सवय लावून घ्या. फक्त स्मार्ट ऑब्जेक्टच्या (मूळ फोटो आत जपून ठेवणाऱ्या लेअरच्या) बाबतीतच हे आकडे आधीचं ताणणं दाखवतात, साध्या लेअरवर दर वेळी शंभरच दिसतं. 'प्लेस' करून घेतलेला फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट होतो, म्हणून अल्बममध्ये फोटो 'प्लेस' करूनच घ्यावेत, असं मी आग्रहाने सांगतो.

'सेव्ह अ‍ॅज' मध्ये जेपेग दिसतच नाही.

फायलीत लेअर्स असतील तर दिसणार नाही. मे २०२१ च्या २२.४ आवृत्तीपासून 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये तेच प्रकार येतात ज्यात तुमचं सगळं काम जसंच्या तसं टिकतं. लेअर्स टाकून देणारे जेपेगसारखे प्रकार 'सेव्ह अ कॉपी' मध्ये गेले. तक्रारी इतक्या आल्या की थोड्याच दिवसांत आलेल्या दुरुस्तीत जुनी पद्धत परत देण्यात आली : प्रेफरन्सेस → फाइल हँडलिंग → 'एनेबल लेगसी सेव्ह अ‍ॅज'. इथे मात्र जुनं चालू करायला माझी काहीच हरकत नाही. लॅबला दिवसभर जेपेग पाठवणाऱ्या माणसाला दर वेळी एक जादा क्लिक कशाला?

मग सगळ्या 'लेगसी' खुणा एकदम चालू करून टाकू का?

असं करू नका. लेगसी पर्याय सवय होईपर्यंतच्या आधारासाठी ठेवलेले असतात आणि ते कायम राहतीलच असं नाही. शिवाय हंगामात दुसऱ्या स्टुडिओत मदतीला गेलात तर तिथला संगणक तुमच्या सवयीने चालणार नाही. प्रत्येक बदलापाशी एकच प्रश्न विचारा : या नव्या पद्धतीने माझं काम बिघडतं, की फक्त हात अडखळतो? हात अडखळत असेल तर थोडा धीर धरा, तो वळतो. काम बिघडत असेल, क्लिक वाढत असतील, तर लेगसी खुशाल चालू करा. सुरुवातीला येणारा होम स्क्रीन बंद करणं किंवा 'न्यू डॉक्युमेंट' ची जुनी छोटी खिडकी परत आणणं ही निव्वळ आवडीची गोष्ट आहे. दोन्ही प्रेफरन्सेस → जनरल मध्येच सापडतील.

अपडेट करावं कधी?

गोव्यातल्या स्टुडिओसाठी या प्रश्नाचं उत्तर पंचांगात आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चातुर्मास, त्यात आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त नसतात. ख्रिस्ती लग्नंही पावसाळ्यात सहसा कमी असतात, त्यांची गर्दी नोव्हेंबर ते जानेवारीत. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की शुभेच्छांच्या जाहिराती आणि मंडळांचे बॅनर सुरू होतात. म्हणजे खरा मोकळा काळ जुलै आणि फार तर ऑगस्टचे पहिले दिवस.

आता दुसरी बाजू पाहा. फोटोशॉपची वर्षाची मोठी आवृत्ती साधारणपणे ऑक्टोबरात येते. म्हणजे नेमकी दिवाळी, तुळशीची लग्नं आणि पर्यटनाचा हंगाम तोंडावर असताना. आली म्हणून त्या दिवशी ती घालून घेण्याची काहीच गरज नाही. पुढच्या जुलैपर्यंत थांबलात तर मधल्या काळात तिच्या दुरुस्त्या येऊन गेलेल्या असतात, प्लगइनवाले (फोटोशॉपला जोडायची छोटी सॉफ्टवेअर बनवणारे) जुळवून घेतात आणि शिकवणारे व्हिडिओही तयार असतात.

त्यासाठी क्रिएटिव्ह क्लाउड अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-अपडेट बंद ठेवा. पावसात अपडेट करणार असाल तर संगणक यूपीएसवर हवा. अर्ध्या वाटेत वीज गेली तर नवी आवृत्तीही नाही आणि जुनीही नाही, अशी अवस्था होऊ शकते.

एक अपवाद. नवीन कॅमेरा घेतलात आणि त्याच्या रॉ फायली (कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फायली) फोटोशॉपच्या जुन्या 'कॅमेरा रॉ' या भागात उघडत नसतील तर हंगामाच्या मध्यावर अपडेट करण्याची पाळी येते असं वाटतं. तेव्हाही घाई नको. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीचं डीएनजी कन्व्हर्टर मोफत मिळतं. त्यातून फायली डीएनजी या अडोबीच्या रॉ प्रकारात बदलून जुन्याच आवृत्तीत काम करता येतं.

जुनी आणि नवी आवृत्ती एकाच संगणकावर ठेवता येते का?

येते, आणि ठेवावीच. मोठी आवृत्ती घालताना 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा. आधीच्या आवृत्त्या काढून टाकण्याची खूण काढा, आधीचं सेटिंग आणण्याची खूण राहू द्या. हातातलं काम जुन्या आवृत्तीत पूर्ण करा आणि नवीन काम नव्या आवृत्तीत सुरू करा.

प्लगइन मात्र आपोआप येत नाहीत, ते पुन्हा बसवावे लागतात. अ‍ॅक्शन (एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा चालवायच्या पायऱ्या) बहुतेक वेळा येतात, तरी विश्वासावर सोडू नका. अ‍ॅक्शन पॅनेलमध्ये संच निवडून 'सेव्ह अ‍ॅक्शन्स' करा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. अल्बमवाल्यांच्या अ‍ॅक्शनमध्ये अनेक वर्षांची मेहनत असते.

बॅनरवरचं मराठी फुटतं. वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं सुटी पडतात.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. जत्रोत्सवाच्या बॅनरवर देवीचंच नाव चुकीचं छापून आलं तर समिती तो बॅनर उतरवायला लावते आणि फ्लेक्सचा खर्च आपल्या माथी येतो.

कारण असं. युनिकोड देवनागरीत (म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंचात) अक्षरं आपण टंकतो त्याच क्रमाने पडद्यावर दिसत नाहीत. 'ति' मध्ये त आधी टंकला जातो, पण वेलांटी डावीकडे दिसायला हवी. 'दुर्गा' मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायला हवा. ही मांडणी करणारा भाग फोटोशॉपच्या अनेक आवृत्त्यांत वेगळा निवडावा लागतो. प्रेफरन्सेस → टाइप मध्ये त्यांतल्या नव्यांत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' आणि जुन्यांत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' या नावाचा पर्याय आहे. तो निवडा आणि फोटोशॉप पुन्हा सुरू करा. अपडेटनंतर सेटिंग मूळ पदावर आलं की हाच पर्याय हटलेला असतो, म्हणून काल नीट दिसणारं आज फुटतं.

आधीपासून असलेल्या टेक्स्ट लेअरवर याचा परिणाम दिसला नाही तर तो लेअर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' हे नाव असलेला पर्याय घ्या. मग 'मूर्तिप्रतिष्ठापना' हा शब्द टंकून पाहा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं तिन्ही त्यात आहेत. तो नीट उमटला तर निमंत्रणपत्रिकाही नीट उमटेल.

श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टची गोष्ट वेगळी. ते युनिकोड नसतात, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. त्यांना या सेटिंगचा उपयोग नाही. नव्या संगणकावर तो फॉन्टच नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. जुनी पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) उघडताना टेक्स्ट लेअर अपडेट करू का, असं फोटोशॉप विचारतं. मजकूर बदलायचा नसेल तर 'नो' म्हणा, म्हणजे दिसतंय तसं राहतं. आणि हेही माहीत असू द्या की पोस्टस्क्रिप्ट टाइप १ जातीचे फॉन्ट फोटोशॉपने २०२१ मध्ये आणि अडोबीच्या बाकी सॉफ्टवेअरने जानेवारी २०२३ पर्यंत घेणं बंद केलं. कपाटातल्या जुन्या सीडीवरचा फॉन्ट यादीत येत नसेल तर हे एक कारण असू शकतं.

पडदा काळा झाल्यापासून लॅबमधून प्रिंट काळपट येतात. खरंच संबंध असतो का?

असतो. फोटोशॉपचा पडदा २०१२ च्या सीएस ६ पासून मुळातच गडद झाला. त्याआधी तो फिक्या राखाडी रंगाचा असायचा. गडद पार्श्वभूमीवर तोच फोटो डोळ्यांना जास्त उजळ वाटतो. मग आपण तो थोडा खाली आणतो आणि पांढऱ्या कागदावर तो मेलेला दिसतो. पावसातली शेतं, देवळाच्या गाभाऱ्यातले समईच्या उजेडातले फोटो, सावळ्या चेहऱ्यांचे फोटो यांत हे ताबडतोब जाणवतं.

उपाय सोपा आहे. फोटोच्या भोवतालच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा आणि मध्यम किंवा फिका राखाडी रंग निवडा. बाकी पॅनेल्सचा रंग प्रेफरन्सेस → इंटरफेस मध्ये 'कलर थीम' इथे बदलतो. आणि मॉनिटरची उजळता पूर्ण वर चढवलेली असेल तर आधी ती उतरवा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

लाइटरूममधले ब्रश आणि ग्रॅज्युएटेड फिल्टर कुठे गेले?

ऑक्टोबर २०२१ पासून ते सगळे 'मास्किंग' या एका चिन्हाखाली आले. ग्रॅज्युएटेड फिल्टरचं नाव आता लिनिअर ग्रेडियंट. पण कळा त्याच आहेत : ब्रशसाठी के, लिनिअर ग्रेडियंटसाठी एम, रेडियलसाठी शिफ्ट एम. ज्यांचा हात कळांवर होता त्यांना हा बदल जवळजवळ जाणवलाच नाही, ज्यांचा माउसवर होता ते आठवडाभर चाचपडत बसले. आयकॉनच्या जागा बदलत राहतात, कळा क्वचित बदलतात. रोजच्या कामाच्या आठ-दहा कळा पाठ करणं हीच पुढच्या सगळ्या अपडेटांची तयारी.

लाइटरूम क्लासिकची मोठी आवृत्ती कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांवरच्या एडिटिंगची नोंदवही) बदलायला सांगते तेव्हा घाबरू नका. ती नवीन प्रत बनवते, जुना कॅटलॉग तसाच राहतो. मात्र नवा कॅटलॉग जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि डिस्कवर दोन्हींना पुरेल एवढी जागा लागते.

जुन्या लग्नांचे रंग आपोआप बदलतील ही भीतीही अनेकांना असते. प्रत्येक फोटो ज्या 'प्रोसेस व्हर्जन' मध्ये, म्हणजे रंग काढण्याच्या ज्या पद्धतीत, एडिट झाला त्यातच राहतो. २०१२ च्या लाइटरूम ४ पूर्वीच्या फोटोंवर आजही रिकव्हरी आणि फिल लाइट हे जुने स्लायडर दिसतात ते याचमुळे. हिस्टोग्रामखालचं (उजेड-अंधाराच्या आलेखाखालचं) विजेचं चिन्ह दाबून तुम्ही स्वतः बदल केलात, तरच रंग हलतात.

फोटोखाली एक तरंगती पट्टी सारखी आडवी येते.

ती 'कॉन्टेक्स्च्युअल टास्क बार'. तिच्यावरच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'हाइड बार' करा. परत हवी असेल तर ती विंडो मेनूत आहे. 'जनरेटिव्ह फिल' (निवडलेल्या जागेत नवं चित्र भरून देणारी सोय) तिच्यातूनही चालतं आणि त्याला इंटरनेट लागतं. नेट गेल्यावर ते बटण काम करत नाही म्हणून फोटोशॉप पुन्हा बसवू नका.

यूट्यूबवर दाखवतात ते माझ्याकडे सापडत नाही.

व्हिडिओची तारीख आणि आवृत्ती आधी पाहा. मग कंट्रोल एफ दाबा आणि त्या टूलचं नाव लिहा, फोटोशॉप ते शोधून देतं. जुन्या लोकांसाठी सूचना : कंट्रोल एफने पूर्वी शेवटचा फिल्टर पुन्हा लागायचा, ते आता कंट्रोल आल्ट एफवर आहे.

आम्ही गिम्प वापरतो. तिथेही असंच आहे का?

हो, आणि तिथे जुन्या मांडणीकडे परत जाणं अधिक सोपं आहे. २०१२ च्या २.८ मध्ये 'सेव्ह' फक्त स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात होऊ लागलं. जेपेगसाठी कंट्रोल शिफ्ट ई, म्हणजे एक्सपोर्ट. २०१८ च्या २.१० मध्ये गडद थीम आणि एकरंगी आयकॉन आले. रंगीत आयकॉन हवे असतील तर प्रेफरन्सेसमध्ये आयकॉन थीम 'लेगसी' करा. टूल एकाखाली एक दडलेली आवडत नसतील तर टूलबॉक्सच्या सेटिंगमध्ये 'यूज टूल ग्रुप्स' ची खूण काढा. मार्च २०२५ च्या ३.० मध्ये फिल्टर लेअरवर वेगळा राहतो, नंतर बदलता किंवा काढता येतो. हे शिकून घ्याच, फार मोठी सोय आहे. काही सापडत नसेल तर तिरपी रेघ असलेली कळ दाबा, शोधण्याची खिडकी उघडते.

माझे बाबा डिचोलीत स्टुडिओ चालवतात. फोटोशॉप ७ सोडायला तयार नाहीत. त्यांना नवीन कसं शिकवू?

फोटोशॉप ७ हे २००२ सालचं. इतकी वर्षं त्यावर संसार चालवलेल्या माणसाचा हात तुमच्यापेक्षा पक्का आहे, ही गोष्ट आधी मनापासून मान्य करा. कंट्रोल एल दाबलं की लेव्हल्स आजही उघडतं. डॉज (भाग उजळ करणं) आणि बर्न (गडद करणं) ही नावं तर अंधाऱ्या खोलीत फिल्मवरून प्रिंट काढण्याच्या दिवसांतली आहेत. बाबांनी ते काम हातांनी केलेलं असेल तर तुम्हाला ती टूल्स समजावून सांगण्याऐवजी त्यांच्याकडूनच शिकता येतील.

माउस तुमच्या हातात घेऊ नका. ते बसतील, तुम्ही बाजूला. त्यांना ज्याचा त्रास होतो तेच आधी दाखवा. केसांभोवतीचं कटिंग करायला वेळ लागत असेल तर माणूस आपोआप निवडून देणारं 'सिलेक्ट सब्जेक्ट' दाखवा आणि तिथे थांबा. वेळ वाचतो हे त्यांना स्वतः दिसलं की पुढचं ते स्वतः विचारतील. अक्षरं बारीक दिसतात ही त्यांची तक्रार असेल, पण ती ते बोलणार नाहीत. प्रेफरन्सेस → इंटरफेस मध्ये 'यूआय स्केलिंग' वाढवून ठेवा. अनेकदा नव्या आवृत्तीचा कंटाळा म्हणजे न दिसणारी अक्षरं असतात.

फोनवरची एडिटिंग अ‍ॅप रात्रीत बदलतात. ते थांबवता येतं का?

अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर वरच्या तीन टिंबांत ऑटो-अपडेटची खूण काढा. फक्त त्या अ‍ॅपसाठी ते थांबतं. जुनी आवृत्ती परत मिळवायला कुठल्याही भलत्या संकेतस्थळावरून फाइल उतरवू नका. त्याच फोनवर तुमचं बँकेचं अ‍ॅप असतं.

नवीन संगणकावर माझे स्वतःचे शॉर्टकट कसे न्यायचे?

एडिट → कीबोर्ड शॉर्टकट्स उघडा आणि वरच्या बाजूचं सेव्हचं चिन्ह दाबून संच साठवा. केवायएस प्रकारची फाइल तयार होते. ती नव्या संगणकावर नेऊन डबल क्लिक करा किंवा त्याच खिडकीतून निवडा. तिथेच 'समराइज' नावाचं बटण आहे. ते सगळ्या शॉर्टकटची यादी ब्राउझरमध्ये उघडून देतं. ती छापून टेबलाशेजारी चिकटवली तर हंगामात मदतीला येणाऱ्या मुलांनाही उपयोगी पडते.